साधा, पटणारा नायक लिहिताना सपक का होतो? (प्रेमकादंबरी, पार्श्वभूमी इंदूर)

माळवाशाई

नमस्कार मंडळी. प्रेमकादंबरी लिहिते आहे, साधारण ६० हजार शब्दांची. कथा इंदूरची, मराठी घरांतली. नायक मिलिंद, वय ३६, डी.फार्म., राजेंद्रनगरात स्वतःचं छोटं मेडिकल स्टोअर. नायिका केतकी, वय ३३, पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. तिची आई मधुमेही, रोज इन्सुलिन. ओळख अनंत चतुर्दशीच्या आसपास होते, शेवट रंगपंचमीला.

मिलिंद मुद्दाम चारचौघांसारखा ठेवलाय. गर्भश्रीमंत नाही, पिळदार दंडांचा नाही, भूतकाळात कसलं गूढ नाही. शांत, प्रामाणिक, आईवडिलांना धरून असणारा. खर्डा वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच: माणूस चांगला आहे, पण वाचून झालं की आठवत नाही. उलट केतकीच्या ऑफिसातला शंतनू जेमतेम दोन प्रकरणांत येतो, त्याला पुण्याला बदली हवी असते म्हणून तो साहेबांच्या मागे हात धुऊन लागलेला असतो, आणि तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

नायकाला देखणा किंवा पैसेवाला न करता तो मनात भरावा म्हणून नेमकं काय करावं? दुसरं, पाऊण कादंबरीनंतर दुरावा आणलाय: केतकी त्याला छप्पन दुकान या खाऊगल्लीत एका मुलीबरोबर बघते, ती निघते त्याची मामेबहीण. हा प्रसंग टिकेल का?

संपादनमेज

शंतनूला काहीतरी हवंय, म्हणून तो लक्षात राहतो. मिलिंदला काय हवंय? तुम्ही त्याची तीन विशेषणं दिलीत आणि तिन्ही सद्गुण आहेत. सद्गुणांनी माणूस आवडतो, पण त्याचं पुढे काय होईल याची उत्सुकता लागत नाही. नायक साधा करताना त्याच्यातली ओढच काढून टाकली जाते, हा घोळ फार खर्ड्यांत दिसतो. पैसा, रूप, अधिकार काढून घेतलेत की हाताशी उरतं ते एवढंच: त्याला काय हवंय आणि त्यासाठी तो काय मोजायला तयार आहे. ते भरभक्कम करा.

ही इच्छा केतकी भेटण्याआधीची हवी, आकड्यात सांगता येणारी हवी आणि तिला मुदत हवी. समजा, शेजारचा गाळा रिकामा होतोय. डिपॉझिट तीन लाख, मालक मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. आता हिशेब मांडा, कादंबरीत नाही, तुमच्या वहीत. रोजची विक्री १५ हजार, महिन्याची साडेचार लाख. सरासरी १६ टक्के सुटतात असं धरलं तर ७२ हजार. गिऱ्हाईक टिकवायला दिलेली ५ टक्के सूट साडेबावीस हजार खाते. उरले ४९,५००. भाडं १२ हजार, पोऱ्याचा पगार ९ हजार, वीज साडेतीन हजार. हातात २५ हजार. घरखर्च जाऊन महिन्याला ८ हजार बाजूला पडतात. त्याच्याकडे आधीचे अडीच लाख साठलेले असले तर सप्टेंबरअखेरपासून सहा महिन्यांत आणखी ४८ हजार जमतील आणि तरी दोन हजार कमीच पडतील.

हा आकडा हाती आला की प्रसंगांना आपोआप वजन येतं. वाढदिवसाची साडी, दुकान अर्धा दिवस बंद ठेवणं, केतकीच्या आईला रात्री रुग्णालयात नेताना केलेली टॅक्सी, प्रत्येक ठिकाणी काहीतरी पणाला लागतं. वाचकाला पूर्ण हिशेब सांगायचा नाही. साडीच्या दुकानात तो किमतीची चिठ्ठी उलटी करून बघतो आणि परत सरळ करतो, एवढं पुरतं.

वेळेचंही तसंच. त्याचं दुकान सकाळी ९ ते रात्री १०. केतकी कंपनीच्या बसनं सकाळी जाते, संध्याकाळी परतते. मग दोघं भेटतात कधी? दुपारी तीनला ती कॅफेत बसलेली असतील तर काउंटरवर कोण आहे? नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरची औषधं देता येत नाहीत. म्हणजे पोऱ्याच्या भरवशावर दुकान टाकून जाणं ही तडजोड झाली. ती त्याला करायला लावा किंवा करू देऊ नका, पण नजरेआड करू नका. वाचक हे प्रश्न तोंडानं विचारत नाही, त्याला फक्त काहीतरी खोटं वाटत राहतं.

मामेबहिणीचा प्रसंग काढाच. एका फोनवर मिटणारा दुरावा दोघांनाही बावळट ठरवतो. त्यातून केतकी क्वालिटीतली. मोजमाप घेतल्याशिवाय माल नाकारायचा नाही हे जिच्या अंगात मुरलंय, ती लांबून एक दृश्य बघून निकाल देईल? दुरावा अशा गोष्टीवरून हवा जिथे दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. तशी गोष्ट तुमच्या मांडणीत आहे, ती म्हणजे आई. तिच्या औषधात काहीतरी बिनसलंय हे मिलिंदला विक्रीवरून कळतं. ती त्याला गळ घालते, केतकीला सांगू नकोस. औषधवाला म्हणून त्यानं रुग्णाचा शब्द राखायला हवा, आणि केतकीवर जीव असलेला माणूस म्हणून तो तिच्यापासून गंभीर गोष्ट लपवतोय. तीन आठवड्यांनी आईला दाखल करावं लागतं आणि याला माहीत होतं हे केतकीला कळतं. इथे कोणीही दुष्ट नाही, आणि फोन करूनही हे मिटत नाही.

६० हजारांत ढोबळ वाटणी अशी करा. पहिली भेट ५ हजारांच्या आत. १५ हजारांपर्यंत दोघांना पुन्हा पुन्हा समोर यायला ठोस कारण. ३० हजारांवर अशी जवळीक की मागे फिरणं जड जाईल. गुपित ३६-३७ हजारांवर सुरू, ४५ हजारांवर फुटतं. समेटाला निदान आठ हजार शब्द राखून ठेवा. बहुतेक खर्डे तिथेच घाई करतात, दीड पानात डोळे भरून येतात आणि सगळं गोड होतं. नायक अचाट असला तर वाचक ते चालवून घेतो. साध्या नायकाला ती सवलत नाही.

एक कसोटी. कुठलंही प्रकरण घ्या, मिलिंदच्या जागी शंतनूला बसवा आणि वाचा. प्रसंग जसाच्या तसा चालत असेल तर त्यात मिलिंद नाही.

गोळीपट्टी

मेडिकलच्या काउंटरवरचे तपशील देतो, हवे ते उचला.

पहिल्या भेटीसाठी सिरिंज घ्या. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. केतकी घाईत आहे, मागच्या वेळी दुसरीकडून नारिंगी टोपीच्या आणल्या होत्या, त्याच मागते. आईला २० युनिट घ्यायचे आहेत. नारिंगीवर २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ०.२ मिली येतं, ४० च्या बाटलीतून ते होतात फक्त ८ युनिट. साखर आटोक्यात का येत नाही याचा उलगडा तिथेच होतो. उलट घोटाळा, १०० चं इन्सुलिन आणि लाल सिरिंज, जास्त धोक्याचा: २० च्या खुणेला ५० युनिट जातात. मिलिंद काय करतो? सिरिंज देत नाही, बाटलीवरचा आकडा वाचून दाखवतो आणि सांगतो की आजच डॉक्टरांना फोन करा, कारण इतके दिवस कमी जात होतं आणि आता एकदम पूर्ण मात्रा सुरू करायची का ते त्यांनी ठरवायचं. मात्रा तो स्वतः ठरवत नाही. हे सांभाळा. नायक हुशार दाखवायच्या नादात औषधवाला परस्पर डोस बदलतो असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक ठेवेल.

त्याची सचोटी दाखवायला गोळ्यांची पट्टी पुरेल. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून द्यायच्या असतात. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुधा एका टोकाला छापलेली असते. मन लावून काम करणारा दुसऱ्या टोकाकडून कापतो, म्हणजे दुकानात राहिलेल्या तुकड्यावर तारीख शाबूत राहते, आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर ती पेनानं लिहून देतो. शेजारी १-०-१, म्हणजे सकाळी एक, रात्री एक. केतकीच्या आईची नजर अधू असेल तर तो आकडे बोटाएवढे मोठे काढेल. हे पाकीट केतकीच्या हाती पडू द्या. तो आईशी चांगला वागतो असं वेगळं वाक्य लिहायला लागणार नाही.

शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे जास्त कडक नियमांच्या यादीतल्या औषधांचं रजिस्टर वेगळं असतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं, आणि ते तीन वर्षं जपायचं. रात्री दुकान बंद करण्याआधीचं शांत दृश्य हवं असेल तर तो हे लिहीत बसलेला दाखवा.

आता वर सुचवलेलं गुपित. मध्यंतरी डॉक्टरांनी आईला बाटली-सिरिंजऐवजी इन्सुलिनचं पेन सुरू करून दिलं असं धरा, मात्रा तीच २०, सकाळी १० आणि रात्री १०. पेनाच्या कार्ट्रिजमध्ये ३ मिली, एकूण ३०० युनिट. दर वेळी सुई चालतेय का बघायला २ युनिट सोडावे लागतात. म्हणजे रोजचे २४, एक कार्ट्रिज साडेबारा दिवस. डिसेंबरपर्यंत आई बरोबर बारा-तेरा दिवसांनी येतेय. जानेवारीत एकदम पंचविसाव्या दिवशी आली. ३०० भागिले २५, रोजचे १२. एक वेळची सुई बंद आहे. मिलिंदला हे बिलं चाळताना कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

आणि आई रात्रीची सुई का टाळते? माझ्या मते कारण हे ठेवा: एका रात्री तिची साखर एकदम उतरली. घाम, हातापायांना कंप, घरात कोणी नाही. कशीबशी साखर तोंडात टाकून बसली. तेव्हापासून रात्री सुई घ्यायची भीती. आणि त्या रात्री केतकी मिलिंदबरोबर बाहेर होती. आई हे त्याला सांगते. मग गप्प राहण्यात त्याचा स्वतःचाही अपराधभाव मिसळतो.

बारीकसारीक: न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं की फेकायचं. वापरात आलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं.

रामबागकर

भेटीच्या वेळेची अडचण इंदूरच सोडवून देतं. सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटर रात्री आठ-नऊनंतर पडतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटेपर्यंत. रात्री दहाला दुकान बंद करणारा माणूस दुसऱ्या शहरात प्रेयसीला कुठे नेईल हा प्रश्नच असतो, इथे खरी रात्र तेव्हा सुरू होते. राजेंद्रनगरहून स्कूटरवर राजवाडा, तिथून पायी. पण एकांत मिळेल असं लिहू नका. सराफ्यात खांद्याला खांदा लागतो, उभ्याउभ्या खावं लागतं आणि रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर इथलं कोणीतरी ओळखीचं हमखास भेटतं. मराठी घरं एकमेकांना चांगली ओळखून आहेत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी दोन्ही स्वयंपाकघरांत पोचलेली असेल. हा दबाव कथेत वापरा, खलनायकाची गरज उरत नाही.

ऋतू पाळा. गराडू हा कंद थंडीतला. तळलेले तुकडे, वर मसाला आणि लिंबू, हाताला चटका बसेल इतके गरम. ते सप्टेंबरात खाऊ घातलेत तर इंदूरचा वाचक हसेल. सप्टेंबरात भुट्ट्याचा कीस द्या. पोहे लिहिलेत तर इथले पोहे वाफेवरचे असतात, वर शेव, कांदा, जिरावण मसाला. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तेव्हा सकाळी नळाच्या वेळेला घरातलं कोणी मोकळं नसतं. मिलिंदनं केतकीचा फोन उचलला नाही याला तेवढं कारण पुरे.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, रात्रभर चालतात. गिरण्यांच्या झांक्यांची परंपरा जुनी आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या कामगारांनी झांकी सोडली नाही. मिलिंदचे वडील गिरणीत होते असं केलंत तर मुलगा पक्क्या दुकानाला एवढा का धरून आहे, दुसरा गाळा त्याला एवढा का हवाय, याला मूळ मिळतं. एक परिच्छेद पुरे, गिरणीचा इतिहास सांगत बसू नका.

रंगपंचमीबद्दल इशारा. गेर, म्हणजे रंग खेळत निघणारी मिरवणूक, राजवाड्याच्या बाजूनं जाते, टँकरमधून रंग उडतो, ढोल आणि गर्दी इतकी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. प्रेमाची कबुली गेरीच्या मधोमध घातलीत तर दोघांना ओरडून बोलावं लागेल. बोलणं आधी किंवा नंतर होऊ द्या, गेरीत फक्त ती एकमेकांना सापडतात की नाही एवढंच ठेवा.

काउंटरवर मिलिंद हिंदीच बोलेल. गिऱ्हाइकाशी हिंदी, पोऱ्याशी हिंदी, आईशी फोनवर मराठी, तीही हिंदी शब्द मिसळलेली. तुमचे सगळे संवाद सदाशिव पेठेतल्यासारखे असतील तर ते बदला.

माळवाशाई

मंडळी, आई आणि कार्ट्रिजची मांडणी घेतेच आहे, शंतनूला बसवून वाचण्याची कसोटीही लावते. दोन गोष्टी राहिल्या. दिसायला सामान्य माणसाचं आकर्षण लिहायचं कसं? आणि त्याला दोष कोणता द्यावा? सध्या तो थोडा लाजाळू आहे एवढंच आहे.

दुसराखर्डा

लाजाळूपणा हा दोष होत नाही, वाचकाला तो गोडच वाटतो. दोषामुळे दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान झालं पाहिजे. औषधवाल्याला शोभणारा दोष म्हणजे उधारी. त्याला नाही म्हणता येत नाही. वही भरत जाते, घाऊक व्यापाऱ्याचं देणं थकतं, घाऊक औषधांच्या दवा बाजारातून माल यायला उशीर होतो आणि एखाद्या नियमित रुग्णाचं औषध नेमकं संपलेलं असतं. नाही म्हणता न येणं हाच दोष पुढे आईच्या गुपिताशी जोडला जातो: तिनं गळ घातली आणि याला नकार देता आला नाही. दुराव्याचं मूळ त्याच्या स्वभावात गेलं की तो योगायोग वाटत नाही.

आकर्षण केतकीच्या नजरेतून लिहा, निवेदकाच्या नाही. आरशासमोर उभं करून नाकडोळे सांगणं टाळा. केतकी दिवसभर गेज घेऊन भाग तपासते, तिला नीटनेटकं हातकाम लगेच दिसेल. पट्टी कापताना कात्री कुठे थांबते, बोटांवर शाईचा डाग, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षर जवळ धरून वाचणं. कादंबरीभर अशा तीन-चारच खुणा ठेवा आणि त्या परत येताना अर्थ बदलू द्या. पहिल्यांदा शाईचा डाग तिला अस्वच्छ वाटतो, चौदाव्या प्रकरणात तोच डाग दिसल्यावर ती त्याचा हात ओढून घेते. रूपाबद्दल एक वाक्य प्रामाणिकपणे लिहून मोकळ्या व्हा, उदाहरणार्थ केस विरळ झालेत, आणि परत परत माफी मागितल्यासारखं ते उगाळू नका. तो सामान्य आहे हे लेखकानं दहादा सांगितलं की वाचकही त्याला सामान्यच धरतो.

अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी यायचं हे आधी ठरवा आणि त्या प्रकरणाआधी एकदाही घसरू नका. तीस हजार शब्दांच्या आसपास, आणि पहिल्यांदा केतकीच्या तोंडून यावं असं मला वाटतं. भांडणात ती परत तुम्हीवर गेली की वेगळं रडणं-ओरडणं लिहावं लागणार नाही.

त्याला विनोद द्या. लोकांना हसवत सुटणारा नको, पण निदान केतकीला दर भेटीत एकदा हसू यावं. साध्या नायकांच्या खर्ड्यांत हेच सगळ्यात जास्त राहून जातं, सगळे समंजस आणि गंभीर असतात.

संपादनमेज

आणखी एक. घरपोच औषधांसाठी केतकीचा नंबर दुकानाच्या बिलावर आहे. त्या नंबरवर मिलिंदनं स्वतःहून गप्पांचा मेसेज केला असं कुठे असेल तर बदला. औषधासाठी दिलेला नंबर आहे तो, आणि त्याला तिच्या घरातलं कोणाला काय झालंय हे सगळं ठाऊक आहे. विश्वासू नायक तिथे थांबतो. नंबर तिनं वेगळा द्यावा, पाकिटाच्या मागे लिहून दिला तरी चालेल, पण पुढाकार तिचा असू द्या.

समेटात त्याला गाळा सोडायला लावू नका. तो मोह होईल, कारण त्याग मोठा दिसतो. पण मग सुरुवातीपासून उभी केलेली इच्छा खोटी ठरते आणि केतकीच्या डोक्यावर कायमचं ओझं बसतं. त्यानं करायची गोष्ट याहून अवघड आहे: आईसमोर बसून, केतकी हजर असताना सांगायचं की पुन्हा असं काही कळलं तर मी लपवणार नाही, राग आला तरी चालेल. नाही म्हणता न येणाऱ्या माणसाचा हा पहिला नकार. त्यानंतर लगेच मिठी नको. केतकीला दोन प्रकरणं घेऊ द्या. तिचाही वाटा आहे, आई रात्री एकटी घाबरते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते तिनं स्वतः बोलून दाखवायला हवं. रात्रीच्या सुईची वेळ कोण सांभाळणार, सराफा आठवड्यातून किती वेळा, साखर उतरली तर आईनं कोणाला फोन करायचा, हे तिघं बसून ठरवतात ते प्रकरण नीट, सावकाश लिहा. गाळ्याचे कमी पडणारे दोन हजार उधारीच्या वहीतून वसूल होऊ देत, त्यासाठी त्याला चार दारं स्वतः ठोठवावी लागतील.